मिठातलं मूळ आणि आलेखाचा उतार

मुळांभोवती मीठ वाढलं की रोपाला पाणी मिळेनासं होतं, हे कुणीही सांगेल. मला पीएच.डी.साठी शोधायचं होतं ते त्यामागचं कारण. परासरण दाब, म्हणजे मिठाची पाणी स्वतःकडे ओढण्याची ताकद, आडवा येतो, की पेशीपटलातली ॲक्वापोरिन प्रथिनं, म्हणजे पाण्याची दारंच, मिटतात? अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात या प्रथिनांची 35 जनुकं आहेत. त्यांतली 13 पीआयपी गटातली, मुख्यतः पेशीच्या बाहेरच्या पटलावर बसणाऱ्या प्रथिनांची.

आरएनए काढून जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजणं त्या मानाने सोपं. खरा कस लागला प्रेशर चेंबरवर. रोपाचा वरचा भाग पात्याने कापायचा, देठ रबरी सीलमधून बाहेर काढायचं, मुळं आत द्रावणात बुडवून दाब द्यायचा. कापलेल्या टोकावर रसाचा थेंब फुगतो, तो केशनळीत घेऊन मोजायचा. सील ढिलं राहिलं तर कडेने गळतं, जास्त आवळलं तर कोवळं देठ चिरडतं. किती आवळायचं हे मी वाचलेल्या एकाही शोधनिबंधात नव्हतं. ते हातालाच कळावं लागतं.

दाब पायरीपायरीने वाढवला की प्रवाह सरळ रेषेत वाढतो; त्या रेषेचा उतार म्हणजे मुळांतून पाणी किती सहज जातं त्याचं माप. 100 मिलिमोलर मिठाच्या द्रावणाचा परासरण दाब जवळपास अर्धा मेगापास्कल, त्यामुळे आलेखावरची रेषा उजवीकडे सरकणारच. मामला तेवढाच असता, तर तिचा उतार बदलला नसता. पण तासाभरात उतारच घसरला. दाब वाढवत नेला तरी थेंब रेंगाळत फुगायचा.

मग मर्क्युरिक क्लोराइड वापरलं. पारा या प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि वाट अडवतो. साध्या द्रावणातल्या मुळांचा उतार त्याने झटकन खाली आला. मिठातल्या मुळांवर फारसा परिणाम नाही. जे आधीच मिटलंय ते आणखी काय मिटणार! (पाऱ्याचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवणं, त्यावर चिठ्ठी लावणं, हे वेगळंच काम होऊन बसलं.)

पारा इतर प्रथिनांनाही चिकटतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर मी विसंबले नसते. चमकणारं प्रथिन जोडलेली पीआयपी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही तासांनी पटलावरची रेघ फिकी झाली आणि आत ठिपके दिसू लागले, म्हणजे पेशी ही प्रथिनं आत ओढून घेत होती. प्रवाह मात्र त्याआधीच घटलेला. त्यामुळे सुरुवातीची घट निव्वळ आत ओढण्यामुळे नसावी, असं माझं मत झालं.

गाइड मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "आता तीच रोपं साध्या द्रावणात परत ठेव. उतार वर येतो का बघ."