ठरावीक शुल्काकडून महसुलातल्या वाट्याकडे

भारतातील मोबाइलच्या प्रसाराचे श्रेय बहुतेक वेळा स्वस्त हँडसेटना दिले जाते. माझ्या मते खरे वळण १९९९ च्या दूरसंचार धोरणाने दिले. १९९४ नंतर खासगी कंपन्यांनी अवाच्या सवा बोली लावून परवाने मिळवले, पण अपेक्षेइतके ग्राहक मिळेनात आणि ठरलेले शुल्क भरताना त्यांच्या नाकी नऊ आले. नव्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा घेण्याची पद्धत आणली, त्यामुळे ग्राहक वाढण्यात सरकार आणि कंपन्या या दोघांचेही हित जुळले. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेकडचे तंटे सोडवण्याचे काम २००० मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले, आणि पडद्यावरचा क्रमांक पाहून फोन कट करणारी माणसे (मीही त्यांतलाच) निर्धास्तपणे बोलू लागली.

महसुलात नेमके काय धरायचे, हा वाद मात्र वर्षानुवर्षे चिघळला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराबाहेरचे उत्पन्नही त्यात धरले आणि कंपन्यांवर हजारो कोटी रुपयांची थकबाकी आली. ही व्याख्या सुरुवातीलाच निःसंदिग्धपणे लिहायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.