दुकान चालतं ते पिनेवर

वडिलांनी पुण्यात तापकीर गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं टेबल टाकलं, तेव्हा ग्रामोफोन हा नुसता जोडधंदा होता. चावीच्या ग्रामोफोनच्या स्टीलच्या पिना डब्यांनी खपायच्या, कारण एक बाजू वाजली की पिन फेकायची हा नियम. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड असते. ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. झिजलेली पिन दुसऱ्यांदा लावली, की ती तबकडी कोरायला लागते.

पुढे पेटीतले विजेवरचे प्लेअर आले. पिन ज्यात बसते आणि तिच्या हालचालीची जे वीज करतं, ते कार्ट्रिज. त्यांतल्या जुन्या कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. पिन हलली की स्फटिक वाकतो आणि वीज तयार होते. पण हे मीठ हवेतली ओल शोषतं, त्यामुळे कोकणातून आलेला प्लेअर हमखास मुका. सिरॅमिकची कार्ट्रिज आली आणि ती कटकट मिटली.

कॅसेट, मग सीडी. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टीव्ही दुरुस्तीने घर चालवलं.

रेकॉर्डची हौस परतली तशी नवी गिऱ्हाइकं आली, आणि त्यांची पहिली तक्रार ठरलेली: ‘काका, नवा प्लेअर आणलाय, आवाजच नाही.’ आता बहुतेक कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेटची असतात. पिनेच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलंसं चुंबक, शेजारी तारेची वेटोळी. त्यातून जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. एवढीशी वीज वाढवणारा फोनो प्रीअँप प्लेअर आणि स्पीकरच्या मध्ये नसेल, तर स्पीकर काय बोलणार? आधी आम्ही तेच तपासतो. दुरुस्तीचे पैसे अर्थातच घेत नाही.

दुसरे येतात आजोबांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या घेऊन. बालगंधर्वांची पदं असतात, आणि ती एलपीच्या, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकडीच्या, पिनेवर वाजवलेली. एलपीच्या पिनेचं टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ला लागतं 75च्या आसपास. बारीक टोक खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा वाजवतं. पद बिचारं वरच्या भिंतींवर राहतं. अशा वेळी महागडं कार्ट्रिज विकणं मला पटत नाही. ७८ची पिन लावली की काम होतं.

शुअर या अमेरिकन कंपनीने 2018मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. त्यांच्या जुन्या कार्ट्रिजना आम्ही जपानच्या जिको कंपनीच्या पिना बसवतो. आधी सूक्ष्मदर्शकाखाली टोक गिऱ्हाइकालाच दाखवतो, मग डिजिटल काट्यावर पिनेचा तबकडीवरचा भार लावतो, बहुतेकांना दीड ते अडीच ग्रॅम. पिन उड्या मारते म्हणून वर नाणं चिकटवणारे अजून भेटतात. त्याउलट भार फार कमी ठेवणारेही तितकेच घातक, कारण सैल पिन खाचेच्या भिंतींवर आपटत जाते.

पिन दाखवायला येणार असाल तर कार्ट्रिज सुटं करू नका. ते ज्यावर बसवलेलं असतं त्या हेडशेलसकट आणा, पिनेला टोपण लावून. आणि खरखरणारी एखादी तबकडीही सोबत असू द्या.