जुन्या लॅपटॉपची डिस्क आणि मेमरी बदलताना

आमच्या घरातला लॅपटॉप २०१५ सालचा आहे. गोव्यात डिचोलीला असलेल्या आमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या संहिता मी त्यावर टंकित करतो. जत्रेच्या नाटकांच्या या हस्तलिखित वह्यांना दर पावसाळ्यात थोडी अधिक ओल लागते, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. गेल्या वर्षापासून मात्र बटण दाबल्यावर पहिली ओळ टंकण्यापर्यंत चार-सव्वाचार मिनिटे जाऊ लागली, आणि टंकताना मध्येच अक्षरे अडून मग एकदम पाच-सहा एकत्र उमटू लागली. एका दुकानात दाखवले तेव्हा ‘फॉर्मॅट मारून बघू, नाहीतर नवाच घ्या’ असे उत्तर मिळाले. त्यांनी यंत्र उघडूनही पाहिले नव्हते, म्हणून ते मी तसेच परत आणले.

फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा रविवारी घरी आला होता. त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणारा विंडोजचा पडदा, उघडून दाखवला. प्रोसेसर दहा टक्क्यांच्याही खाली होता, डिस्क मात्र सतत शंभर टक्के. ‘मामा, प्रोसेसर बसूनच आहे, डिस्कची वाट बघतोय,’ असे तो म्हणाला. त्याच पडद्यावर आणखी एक आकडा होता आणि तो मला जास्त बोलका वाटला: शंभर टक्के राबणारी ही डिस्क सेकंदाला एक एमबीसुद्धा वाचत नव्हती.

याचे कारण समजायला साधे गणित पुरते. लॅपटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग वाचकाग्राखाली, म्हणजे तबकडीवरचा मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी ते अग्र योग्य वर्तुळावर सरकावे लागते, त्यात आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. सलग मोठी फाईल वाचायची असेल तर ही डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देऊ शकते. तेच चार-चार केबीचे तुकडे तबकडीभर विखुरलेले असतील, तर सेकंदाला साठ-सत्तर तुकड्यांपलीकडे तिची धाव जात नाही, म्हणजे पुरते ३०० केबीसुद्धा नाहीत. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे असा तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो.

मग मेमरीचा काय संबंध, हा प्रश्न मलाही पडला होता. यंत्रात ४ जीबी मेमरी होती. ब्राउझरची पाच-सहा पाने आणि एक मोठी संहिता उघडली की ती भरून जायची, आणि मग विंडोज मेमरीतील काही मजकूर डिस्कवर ठेवून लागेल तेव्हा परत आणत बसायचे. आधीच थकलेल्या डिस्कवर ही ने-आण, तीही विखुरलेल्या तुकड्यांची! माझ्या मते या दोन तक्रारी वेगळ्या धरण्यात अर्थ नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी घ्यावी. पण ४ जीबीवरच राहिल्यास ही ने-आण नव्या डिस्कवरही चालूच राहते.

खरेदीसाठी मी कदंब बसने पणजीला गेलो. ४८० जीबीची अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीत बसणारी) एसएसडी आणि ८ जीबीची डीडीआर३ प्रकारची मेमरी घेतली. (पडद्यावर ४८० चे ४४७ दिसतात यात फसवणूक नाही, विक्रेते हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने.) घरी आल्यावर आधी जुन्या डिस्कवरील सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यात जुन्या डिस्कचे वाचता न येणारे काही सेक्टर (साठवणीचे छोटे भाग) ‘पेंडिंग’ दिसत होते, त्यामुळे तिची जशीच्या तशी प्रत काढण्याचा विचार सोडून नव्याने प्रणाली बसवायचे ठरवले.

चार्जर काढला, बॅटरी काढली आणि उरलेला विद्युतभार जावा म्हणून चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले. एका कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्या जागी चिकटपट्टीने लावला. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असलेले स्क्रू अदलाबदल झाले तर लांब स्क्रू वरच्या कवचातून बाहेर डोकावू शकतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण एका कोपऱ्यात हलेना. तिथे जोर लावण्याच्या बेतात असतानाच रबरी पायाखाली लपलेला शेवटचा स्क्रू सापडला. एसएसडी बसवायला पाच मिनिटेही लागली नाहीत: जुनी डिस्क आडवी सरकवून काढायची, तिची धातूची चौकट नवीला लावायची आणि जोडणीत सरळ ढकलायची. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि नवी सात, तेवढी फट मी प्लास्टिकची पट्टी ठेवून भरली.

मेमरीने मात्र दोन दिवस खाल्ले. मेमरीची नवी पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या पकडी टक् करून बसल्या, आणि यंत्र सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्कबिंदू काळवंडतात हे ठाऊक असल्याने जुन्या पट्टीची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसली, तरी फरक पडला नाही. नवी पट्टी काढली की यंत्र बिनतक्रार सुरू होई. शेवटी दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेऊन त्यांवरची लेबले शेजारी-शेजारी धरली. जुनीवर ‘पीसी३एल’ लिहिले होते, नवीवर नुसते ‘पीसी३’. एल असलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नसलेली १.५ वर. दोन्हींना संपर्कबिंदू २०४च आणि खाचही एकाच जागी, म्हणून चुकीची पट्टीसुद्धा बिनबोभाट बसते. पण आमच्यासारख्या, फक्त १.३५ व्होल्ट पुरवणाऱ्या यंत्रात ती जागी होत नाही. चूक दुकानदाराइतकीच माझीही होती, कारण जुने लेबल न वाचताच मी बस पकडली होती. दुसऱ्या फेरीत पट्टी बदलून मिळाली.

इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवली. मराठी टंकण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात मिळाला, तेवढे मला पुरे होते. आता बटण दाबल्यापासून पंचवीसेक सेकंदांत संहिता समोर असते आणि अक्षरे अडत नाहीत.

जुनी डिस्क यूएसबी पेटीत घालून कपाटात ठेवली आहे. तिच्यावरून उतरवलेल्या फायलींपैकी तीन काही केल्या उघडल्या नाहीत, आणि त्यातली एक होती एका पौराणिक नाटकाचा पूर्ण टंकलेला दुसरा अंक. त्याची मूळ वही आमच्या प्रॉम्प्टरकडे होती, ती मी काल आणली. पाने कडेला पिवळी पडली आहेत, पण शाई अजून वाचता येते. पहिला प्रवेश टंकून झाला आहे.