डिस्पॅचची मिशीवाली मावशी

परवा गोकुळ शिरगावातल्या एका मित्राचा फोन आला, म्हणाला भावा पंधरा दिवसांवर आमच्या कंपनीचं गॅदरिंग आलंय आणि एचआरच्या मॅडमनी फर्मान काढलंय की यंदा जेन्ट्सनी पण काहीतरी बसवायचं, तुम्ही गेल्या साली काय केलेलं ते सांग की जरा. सांगता सांगता पाऊण तास गेला, बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो, दुसऱ्यांच्या पण उपयोगाला येईल.

तर आमची कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून पार्ट बनवायचा कारखाना. ऑफिसात लेडीज स्टाफ मोजून अकरा, आणि शॉपमधले धरून जेन्ट्स दोनशेच्या वर. पण दरवर्षी स्टेजवर कोण, तर त्या अकरा जणी. महिनाभर लंच टाईममध्ये प्रॅक्टिस करणार, ड्रेस ठरवणार, आणि आम्ही दोनशे गडी मागच्या खुर्च्यांवर बसून पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याकडं बघत बसणार. फारच आग्रह झाला तर कोणतरी एकजण मोबाईलमध्ये शब्द बघत कराओके म्हणणार, सूर कुठं आणि गडी कुठं, नाहीतर शेवटी डीजे लावला की वरातीतला रुमाल तोंडात धरून नाग. झालं पुरुषांचं कलादालन.

गेल्या साली मीटिंगमध्ये पहिली आयडिया आली ती सगळीकडं येते तीच, पुरुषांना साड्या नेसवा आणि फॅशन शो करा. मी नको म्हटलं. साडीचं वावडं नाही ओ मला. आपल्या कोल्हापुरात तर असलं म्हणूच नये कुणी. ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या केशवराव भोसल्यांनी पोरवयात बायकांच्याच भूमिका गाजवल्या, आणि सिनेमातले आपले गणपत पाटील, तमाशातला नाच्या म्हटलं की आजही दुसरा चेहरा डोळ्यासमोर येत नाही. घरसंसार असलेला माणूस, बाहेर लोकांनी चेष्टा केली तरी काम कधी हलकं केलं नाही त्यांनी. पण फॅशन शोमध्ये काय होतं, साडी नेसलेला गडी नुसता वाकडातिकडा चालतो आणि लोकं दोन मिनिटं हसतात, तिसऱ्या मिनिटाला काय? आणि पुढं बसलेल्या अकरा जणींना वाटतं की ही आमचीच नक्कल चाललीय. साडी नेसायची तर तिला काहीतरी काम पायजे.

आणि काम दिलं आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या खात्यातल्या, एका हेल्परनं. हा गडी मीटिंगला चहा घ्यायला म्हणून आलेला, करवीर तालुक्यातला, गावात सोंगी भजनात काम करतो. म्हणाला साहेब, तमाशातली गवळण घ्या की. गौळणी मथुरेच्या बाजाराला माल घेऊन निघतात, वाटेत पेंद्या आणि देव त्यांना अडवतात, आणि मावशी मधी पडून भांडते, मावशीचं काम तर पहिल्यापासून गडीच करतोय. आपल्याकडं फक्त मथुरेच्या जागी डिस्पॅच आणि पेंद्याच्या जागी गेटवरचा सिक्युरिटी.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, कारण याच्याइतकं भारी त्या खोलीत कुणालाच सुचलेलं नव्हतं.

मावशी झाले आमचे डिस्पॅचचे सुपरवायझर, वय पन्नाशीच्या पुढं, झुपकेदार मिशी. काढणार नाही म्हणाले, आणि तेच बरं झालं. हेल्परनं स्वतः त्यांना नऊवारी नेसवली, काष्टा असा आवळला की म्हणाला आता मावशीनं रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या तरी सुटायचा नाही. चार गौळणी, दोन मोल्डिंगच्या, एक कोअर शॉपची आणि एक चक्क अकाऊंट्सचा नवीन पोरगा, डोक्यावर घमेली आणि घमेल्यात पंप हाऊसिंगची कास्टिंग, म्हणजे पंपाची ओतीव कवचं. कास्टिंग खरी नव्हती, पॅटर्न शॉपवाल्यानं थर्माकोल कोरून करड्या रंगात रंगवलेली, पण अशी हुबेहूब की मालकांच्या आई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, अरे पोरांच्या डोक्यावर एवढं जड कशाला दिलंय.

गेटवर पेंद्या. गेटपास दाखव. दाखवला. काट्याची पावती दाखव. दाखवली. टेस्ट सर्टिफिकेट कुठाय? मावशी म्हणते, अरे मेल्या, लॅबवाला जेवायला गेलाय तो सोमवारचा गेलाय! इथं लॅबवाल्यासकट सगळे उठून हसले. मग देव आले, म्हणजे क्वालिटीचा माणूस पितांबर नेसून, हातात बासरीच्या जागी माप घ्यायचा व्हर्निअर. प्रत्येक घमेल्यात वाकून बघतो आणि ओतकामातली एकेक खोट काढत म्हणतो, ब्लो होल, ब्लो होल, सँड ड्रॉप, ब्लो होल. गौळणी म्हणतात देवा, एवढा तरी पास करा, महिनाअखेर आहे!

हेच मी मित्राला सांगितलं, बाहेरचा जोक शोधत बसू नको, रोज तुमच्या शॉपमध्ये जे बोललं जातं तेच उचल. आमच्या इथं 'महिनाअखेर आहे' या दोन शब्दांवर जेवढं हसू आलं तेवढं कुठल्या कॉमेडी शोला येत नाही, आणि हेच दुसऱ्या कंपनीत केलं तर कोण हसणार पण नाही.

फजिती पण झालीच. आम्हाला ढोलकीच्या जोडीला खरी हलगी पायजे होती, हेल्परचा भाऊ वाजवतो, तो घेऊन आला. पण डिसेंबरची रात्र, उघडं लॉन, दव पडलेलं, हलगीचं कातडं ढिलं पडलं आणि आवाज असा यायला लागला जसं कोण पुठ्ठा बडवतंय. हलगी शेकायला जाळ पायजे आणि लॉनवाला जाळ करू देईना. शेवटी मी आणि तो भाऊ केटरिंगच्या मागं गेलो आणि तंदूरवाल्याच्या पाया पडलो. त्यानं पाच मिनिटं रोट्या थांबवल्या आणि भट्टीच्या तोंडावर हलगी धरली, फिरवत फिरवत, मधेच बोटानं टिचकी मारून बघायची, तिसऱ्या टिचकीला असा कडाड आवाज आला की रांगेत ताटं घेऊन उभे असलेले दचकले. वास मात्र शेवटपर्यंत बटर रोटीचा येत होता हलगीला.

हलगी तापलीच आहे तर म्हटलं दुसरा आयटम पण उरकू. स्टोअरकीपर आणि अकाऊंट्सचे मोठे साहेब, दोघांचा वर्षभर बिलांवरून वाद, त्यांना टेबलावर पंजा लढवायला बसवलं आणि माईक दिला आमच्या एका पैलवान ड्रायव्हरकडं. कोल्हापुरात १९१२ पासून खासबागेत कुस्त्या चालल्यात, इथल्या माणसाला निवेदन शिकवावं लागत नाही. दोघांनी नुसते हात मिळवले तर हा म्हणतो, खडाखडी झाली, साहेबांनी जीएसटीचा डाव टाकला, स्टोअरवाल्यानं चलन दाखवून डाव उधळला, धोबीपछाड होणार की कलाजंग! काहीही तयारी नाही, खर्च शून्य, आणि आठवडाभर लोकं त्याचंच बोलत होती. साहेब हरले, पण राहिलेलं एक बिल दुसऱ्या दिवशी पास झालं, आता ते त्याच्यामुळं की कशामुळं देव जाणे.

एकजण मर्दानी खेळ करूया म्हणत होता, दांडपट्टा वगैरे. त्याला हात जोडले. ते तालमीत वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या पोरांचं काम, यूट्यूब बघून पट्टा फिरवणाऱ्याच्या पुढं दोनशे माणसं बसवायची म्हणजे ॲम्ब्युलन्स पण बुक करून ठेवायला पायजे. मालकांची नक्कल पण आम्ही टाळली. खरं सांगायचं तर भ्यालो. आणि ज्याला काम आहे त्यानं 'बसायचं', म्हणजे प्यायचं, ते काम झाल्यावर. आमच्या एका गौळणीनं आधीच बसून घेतलं होतं आणि ती मथुरेच्या ऐवजी पार्किंगकडं निघालेली, मावशीनं पदराला धरून परत आणली, लोकांना वाटलं तोही सीनच आहे.

ते थर्माकोलचं एक हाऊसिंग अजून आमच्या रिजेक्शन रॅकवर ठेवलंय क्वालिटीवाल्यानं. रीतसर लाल टॅग लावलाय, तारीख, सही सगळं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलंय, वजन कमी.