आचारसंहितेत जमा केलेली दुनळी आणि तिच्या नळीतला गंज

आजोबांची बारा बोअरची दुनळी आमच्या घरात आहे, शेती संरक्षणाच्या लायसनवर, आता माझ्या नावानं. बर्मिंगहॅमची आहे, नळ्या काढून उलट्या धरल्या की चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) खाली प्रूफचे, म्हणजे नळी तपासून पास केल्याचे, शिक्के दिसतात. बार काढायची वेळ क्वचित येते पण आजोबांनी नळ्या अशा ठेवल्या होत्या की खिडकीच्या उजेडाकडं धरलं की आत आरशागत लखलखायचं. तीच बंदूक २०२४ च्या ऑगस्टमध्ये पोलीस ठाण्यातून परत आणली तेव्हा डावी नळी आतून विटकरी झाली होती. अजून आठवलं की जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि थोड्याच दिवसांत हत्यार जमा करायची नोटीस आली. जमा करायला काही त्रास नाही, अर्ध्या तासात पावती हातात. मी बंदूक पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचा हात मारला आणि आजोबांच्याच चामड्याच्या कव्हरात घालून दिली. हे चुकलं. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना मीठ आणि रसायनं वापरलेली असतात, त्यात नळी महिनोन्महिने ठेवायचीच नसते. आणि मशीनचं तेल इतकं पातळ की ते ओघळून जातं, मागं काही राहत नाही. पण मार्चच्या उन्हात पावसाचा विचार कुणाच्या डोक्यात येतो?

७ मे ला कोल्हापूरचं मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. निकालानंतर आठवड्याभरात बंदूक परत मिळंल असं सांगितलं होतं, म्हणून १२ जूनला गेलो. आदेश आला नाही म्हणाले. ठीक आहे. पुढच्या आठवड्यात गेलो तर आदेश आलाय पण ज्यांच्याकडं खोलीची किल्ली ते हवालदार रजेवर. तिसऱ्यांदा लायसनची झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल आणा. ओरिजिनल घेऊन गेलो तर साहेबांची सही पाहिजे आणि साहेब बंदोबस्तावर. १७ जुलैला आषाढी होती, त्यामुळं ते पंधरा दिवस असेच गेले. तोवर मिरगाचा पाऊस सुरू होऊन दीड महिना झाला होता आणि दार उघडं असलं की ती खोली मला बाहेरनं दिसायची, भिंतीला खालपासनं कमरेपर्यंत ओल चढलेली, फरशीवर गोणपाट आणि त्यावर सगळ्यांच्या बंदुका भिंतीला टेकवून उभ्या. मी हात जोडून म्हटलं, साहेब, देऊ नका पाहिजे तर, पण इथंच तुमच्या समोर पाच मिनिटं नळी पुसून तेल लावू द्या. नाही म्हणाले, नियमात बसत नाही. बाकीचे लोक पण असेच येऊन जात होते, एक आजोबा तर गगनबावड्याकडनं एसटीनं यायचे. शेवटी जुलै संपता संपता पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, सगळी माणसं पुराच्या कामाला गेली आणि आम्हाला फोनवरच सांगितलं, पाणी उतरू द्या. पूर आल्यावर त्यांनी लोकांना बाहेर काढायचं की माझी बंदूक शोधायची, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं जूनच्या चार आठवड्यांबद्दल आहे. २ ऑगस्टला एकदाची हातात आली. कव्हर उघडलं तर आतलं अस्तर दमट, वास येत होता.

एक आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर विसरंन, जमा करताना पावतीवर 'नळ्या आतून स्वच्छ, गंज नाही' असं लिहून घ्या आणि मोबाईलवर नळीचे आतनं फोटो काढून ठेवा. माझ्याकडं दोन्ही नव्हतं त्यामुळं कुणाला काही बोलता पण आलं नाही. कायद्यानं परवानाधारक डीलरकडंही हत्यार जमा करता येतं, निवडणुकीत ते चालतंय का हे आधी विचारून घ्या.

घरी आणल्यावर पहिला विचार आला की उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणाकडनं तरी पॉलिश मारून घ्यावं. बरं झालं आधी गल्लीतल्या सुभेदार काकांना दाखवली, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत. त्यांनी आधी उघडून काडतूस नाही ना ते बघितलं आणि मग नळीत डोळा लावून म्हणाले, "पॉलिश पेपर लावणार असशील तर आत्ताच घेऊन जा." लायसन नसलेल्या माणसाकडं नळी दुरुस्तीला देणं हा गुन्हा आहे ते वेगळंच, पण दुसरं कारण मला माहीतच नव्हतं. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डागानं (सोल्डरनं) जोडलेली असते. पॉलिशनं नळीचा निळा रंग निघतो, मग नवीन ब्लूइंग, म्हणजे तो रंग परत चढवणं, करतात ते कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात बुडवून, त्यात हा डाग खाल्ला जातो आणि पट्टी सुटते. ॲसिडात बुडवणं तर विचारूच नका.

काकांच्या ओट्यावर तीन दिवस काम चाललं. नळ्या सोडवल्या, चेंबरला बूच मारून आत पातळ तेल भरून रात्रभर ठेवलं, म्हणजे गंजाच्या खाली तेल शिरतं. दुसऱ्या दिवशी गजाला बारा बोअरचा ब्राँझचा ब्रश लावून चेंबरकडनं तोंडाकडं, प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर काढायचा, मधेच उलटा फिरवायचा नाही. पहिल्या चिंध्या काळ्याकुट्ट निघाल्या, मग तांबड्या, आणि मग जे निघालं ते बघून मी गप्पच झालो, शिशाचे चकचकीत पापुद्रे आणि काडतुसातल्या प्लास्टिकच्या सालपटासारख्या पट्ट्या. म्हणजे गंज सगळा ठाण्यातला नव्हता, माझी साफसफाई पण वरवरची होती. चेंबर संपून नळी जिथं अरुंद होते तिथं आणि पुढं चोकमध्ये, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागात, हा थर बसतो, त्याच्या खाली ओल अडकते आणि गंज तिथनंच धरतो. हा चिकटलेला गंज शून्य शून्य शून्य शून्य नंबरच्या बारीक स्टील वूलनं, तेलात भिजवून, ब्रशला गुंडाळून काढला. बाहेरच्या ठिपक्यांना काकांनी जुना तांब्याचा पैसा तेल लावून घासला, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळं गंज उचलला जातो आणि निळा रंग तसाच राहतो. हातमोजे घाला, या चिंध्यांना शिसं लागलेलं असतं, स्वयंपाकघरात तर हे काम अजिबात नको.

आजोबा बार काढल्यावर नळीत उकळतं पाणी का ओतायचे ते पण तेव्हा कळलं. त्या वेळच्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचं नळीत मीठ राहायचं, ते हवेतली ओल ओढतं आणि तेलात विरघळत नाही, पाण्यातच जातं. हल्लीच्या काडतुसांना सहसा ती गरज नसते. उकळत्या पाण्यानं नळी एवढी तापते की ती आपोआप वाळते, तरी पट्टीच्या कडा नीट पुसून मगच तेल लावायचं.

तिसऱ्या दिवशी उजवी नळी पहिल्यासारखी झाली. डाव्या नळीत मात्र सहा-सात खड्डे राहिलेत, सुईनं टोचल्यासारखे. लायसनवाल्या गनस्मिथकडं नेऊन गेजनं मोजून घेतलं, नळीची जाडी ठीक आहे म्हणाले, पण खड्डे घालवायला घासू नका, त्यानं नळी पातळ होते. आता त्या जागी ब्रश जास्त वेळा मारायचा एवढंच.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, आईला सांगितलं की हळदकुंकू नळीला लावू नको, ओलं बोट लागतं तिथं दुसऱ्या आठवड्यात डाग पडतो. तिनं दस्त्याला लावलं. आणि तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली, परत नोटीस.

या वेळी नळ्या आतनं बाहेरनं कोरड्या करून पेट्रोलियम जेलीचा जाड हात दिला, सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्या घातल्या, चामड्याचं कव्हर घरीच ठेवलं, बंदुकीला 'नळीत जेली आहे, पुसल्याशिवाय काडतूस घालू नये' अशी चिठ्ठी बांधली कारण जेलीनं भरलेल्या नळीत बार काढला तर नळी फुटू शकते, आणि तोंड खाली करून उभी ठेवा असं हवालदारांना सांगितलं म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. पावतीवर नळीची स्थिती लिहून घेतली, त्यांनी पण काही न बोलता लिहून दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदूक परत मिळाली. काकांच्याच ओट्यावर डाव्या नळीतनं पांढरी चिंधी ओढली, ती नुसती जेलीनं चिकट होऊन बाहेर आली, तांबडा ठिपका एक पण नव्हता.