पाचव्या दिवसाचं तिकीट काढाच: मँचेस्टर आणि ओव्हल, जुलै-ऑगस्ट २०२५

आधीच सांगून टाकतो, आम्ही भारत-इंग्लंड क्रिकेटची पूर्ण सिरीज बघितली नाही. पाचपैकी शेवटच्या दोन टेस्ट, आणि त्याही अर्ध्यामुर्ध्या. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डचे शनिवार-रविवार, मग लंडनच्या ओव्हलचे शनिवार, रविवार आणि सोमवार. रजा तेवढीच होती आणि पैसेही. सोबत माझे मामा, वय ६४, साताऱ्याचे. त्यांनी उभ्या आयुष्यात परदेशात एकच मॅच ‘बघितली’ होती, ती पण रेडिओवर, १९७१ची ओव्हल. वाडेकरची टीम, स्पिनर चंद्रशेखरच्या ३८ रनमध्ये सहा विकेट, इंग्लंडमधला आपला पहिला टेस्ट विजय. त्या शेवटच्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि आपल्या लोकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण ग्राउंडवर आणली होती. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ती हत्तीण आमच्या घरातलीच वाटते.

व्हिसाचं थोडक्यात. साधा व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा, आमच्या वेळी फी १२७ पौंड. मेच्या सुरुवातीला अर्ज केला ते बरं झालं, कारण उन्हाळ्यात सगळा देश तिकडेच निघालेला असतो आणि बोटांचे ठसे द्यायच्या अपॉइंटमेंट पटापट भरतात. बँकेचं स्टेटमेंट आणि मॅचची तिकिटं दोन्ही जोडली.

तिकिटांचं मात्र नीट वाचा, इथेच सगळे फसतात. इंग्लंडमध्ये एका जागी सगळ्या टेस्टची तिकिटं मिळत नाहीत, प्रत्येक ग्राउंड आपापली विकतं. ओल्ड ट्रॅफर्डची लँकेशायर क्लब, ओव्हलची सरे क्लब. जवळपास वर्षभर आधीपासून विक्री चालू होते, पहिले तीन दिवस आधी उडतात, चौथा दिवस मागेपुढे, आणि पाचवा सगळ्यात स्वस्त कारण मॅच तिथवर जाईल याची गॅरंटी नसते. मी पाचवा काढणारच नव्हतो. मामा म्हणाले, ‘अरे, १९७१ला पाचव्या दिवशीच जिंकलो होतो, काढ गप.’ काढलं, पण मनात म्हटलं हे पैसे पाण्यात. तिकिटं मोबाईलवरच येतात, कागद नाही, त्यामुळे आदल्या रात्री ॲपमध्ये उघडून ठेवा आणि पॉवर बँक घ्या, गेटवर हजारो लोकांचं नेट एकदम रांगतं तेव्हा फार घाम फुटतो. ब्लॅकवाल्यांच्या नादी अजिबात लागू नका, ग्राउंडची स्वतःची रीसेल असते तिच्यावर नजर ठेवा, आठवडाभर आधी बरेच लोक तिकिटं परत टाकतात.

मँचेस्टरला ट्राम थेट ओल्ड ट्रॅफर्ड स्टॉपला जाते, उतरलं की समोरच ग्राउंड. कार्ड टॅप करायचं, वेगळं तिकीट नको, फक्त उतरताना परत टॅप करायला विसरू नका. आत गेल्यावर मामा आधी स्टँड शोधत फिरले, कारण क्लाईव्ह लॉईड आणि आपल्या मुंबईच्या फारुख इंजिनिअरच्या नावाचा स्टँड याच टेस्टच्या पहिल्या दिवशी सुरू झाला होता. इंजिनिअर १९७१च्या ओव्हलला कीपर होता. मामांनी त्या पाटीखाली सहा फोटो काढायला लावले, पाच हलले.

शनिवारी इंग्लंडने ६६९ केले आणि आपली दुसरी इनिंग सुरू झाली, आणि मी चहा आणायला गेलो. लाइनमध्ये असतानाच एकदा आरडाओरडा झाला, मग लगेच दुसऱ्यांदा. कप घेऊन आलो तर स्कोअर ० वर २, इंग्लंडच्या वोक्सची पहिलीच ओव्हर. मामा माझ्याकडे असे बघत होते जणू मीच आऊट झालोय. तेव्हापासून नियम केला की इनिंगची पहिली ओव्हर होईपर्यंत जागा सोडायची नाही. नंतर राहुल आणि गिल दिवसभर राहिले, १७४ वर २. रविवारी जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर तर हललेच नाहीत. शेवटच्या तासात इंग्लंडचा कॅप्टन स्टोक्स हात मिळवायला आला, ड्रॉ करू म्हणून, जडेजा ८९ वर आणि सुंदर ८० वर, यांनी नाही म्हटलं. आमच्या पुढच्या रांगेतले लँकेशायरचे काका जाम चिडले होते, ‘पण कशासाठी?’ असं मामांनाच विचारत होते. मामा शांतपणे म्हणाले, सेंच्युरीसाठी. दोघांची झाली, मग हात मिळवले. काकांनी नंतर मामांना बिस्किटं दिली.

खाण्यावरून आठवलं, तिकडे ग्राउंडवर स्वतःचा डबा नेता येतो, हे आपल्याकडच्या स्टेडियमच्या सवयीने खरंच वाटत नाही. काचेची बाटली नको, बाकी दारूचे नियम प्रत्येक ग्राउंडचे वेगळे आहेत ते बघून घ्या. पाण्याची रिकामी बाटली न्या, आत नळ असतात. आम्ही चिवडा आणि शंकरपाळे घरून नेले होते. पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून त्या देशातच न्यायला बंदी आहे, मामींनी गुपचूप भरलेला डबा मी मुंबई एअरपोर्टच्या बाहेर काढला आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या संपवला.

मँचेस्टर ते लंडन ट्रेन सव्वादोन तासांच्या आत पोचते, पण ऐनवेळी काढली तर भाड्याने डोळे पांढरे होतात. साधारण तीन महिने आधी स्वस्त ॲडव्हान्स तिकिटं येतात, ती विशिष्ट गाडीचीच असतात, गाडी चुकली की गेली. दोघं असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा, ३५ पौंड, दोघांनाही एक तृतीयांश सूट, फक्त दोघांनी एकत्रच जायचं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. लांबच्या दोन प्रवासांत आमचे पैसे वसूल झाले.

लंडनमध्ये राहायचं तर ग्राउंडजवळ शोधू नका. आमच्या वीकेंडला वेम्बलीला ओएसिस बँडचे कार्यक्रम पण होते, हॉटेलवाल्यांची चंगळ. आम्ही दक्षिण लंडनमध्ये टूटिंगला राहिलो, नॉर्दर्न लाइनने टूटिंग ब्रॉडवेहून ओव्हल थेट, आणि संध्याकाळी परत आलं की डोसा मिळतो. मात्र खेळ संपल्यावर ओव्हल स्टेशनवर तोबा गर्दी असते, दहा-पंधरा मिनिटं चालत व्हॉक्सहॉलला जा.

शनिवारी जयस्वालची सेंच्युरी बघितली, नाइट वॉचमन आकाश दीपचे ६६ बघितले, त्याच्या प्रत्येक चौकारावर आमचा स्टँड लग्नातल्यासारखा नाचत होता. टार्गेट ३७४. आणि दिवसाचा शेवटचा बॉल, सिराजने एक फील्डर लांब लेगला पाठवला, क्रॉलीला वाटलं आता बाउन्सर, आणि आला यॉर्कर. दांडी. असं टीव्हीवर कळतच नाही, तो फील्डर मागे जाताना दिसला म्हणून मजा.

रविवारी उलटं. ब्रूक १९ वर असताना सिराजने बाउंड्रीवर कॅच घेतला आणि पाय मागे दोरीवर, म्हणजे सिक्स. त्याने तोंडावर हात धरले. ब्रूकने १११ केले, रूटने १०५, आणि ३०० वर तीन असताना मामांनी डब्याचं झाकण लावून टाकलं, निघू म्हणाले. नाही निघालो. ब्रूक गेला, बेथेल गेला, रूट गेला, ३३९ वर ६, आणि उजेड गेला म्हणून खेळ थांबवला, मग पाऊस. त्यांना ३५ रन हवे, आपल्याला चार विकेट, आणि सगळे छत्र्या उघडून बसलेले. (बारीक रेनजॅकेट कायम बॅगेत ठेवा, सकाळचं ऊन बघून घरी ठेवू नका, आणि ऊन असलं की सनस्क्रीन, माझ्या मानेची सालं निघाली.) त्या वेळात मामांनी एका विशीतल्या स्टीवर्डला विचारलं, १९७१ला हत्ती कुठल्या गेटने आणला होता? त्याला वाटलं मामा परवानगी मागतायत. फार नम्रपणे म्हणाला, ‘सर, प्राणी आणायला परवानगी नाही.’

आता सोमवार, आणि माझी चूक. परतीचं विमान सोमवारी रात्री आठचं. खोली सकाळी दहाला सोडायची, मालक म्हणाला सामान ठेवून घेणार नाही, आणि मोठ्या बॅगा ग्राउंडवर चालत नाहीत. सकाळी नऊला दोन सूटकेस घेऊन टूटिंगच्या फुटपाथवर आम्ही. शेवटी फोनवर शोधून एका किराणा दुकानात सामान ठेवायची सोय सापडली, तिथे टाकलं आणि पळालो. तुम्ही परतीचं विमान पाचव्या दिवसानंतर किमान एक रात्र सोडून काढा, आणि सामानाचं आदल्या दिवशीच ठरवा.

अकराला खेळ सुरू, आम्ही अकराला पाच मिनिटं कमी असताना जागेवर. ग्राउंड खचाखच. पहिल्या दोन बॉलवर ओव्हरटनने दोन चौकार मारले आणि मामांनी डोळे मिटले, ते विकेटच्या आवाजालाच उघडायचे. स्मिथ जुरेलकडे कॅच. ओव्हरटन एलबीडब्ल्यू. प्रसिधने टंगला बोल्ड काढलं. १७ हवे, एक विकेट, आणि जिन्यावरून वोक्स. खांदा निखळलेला, डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला, उजव्या हातात बॅट. सगळं ग्राउंड उभं राहिलं, आपले पण. त्याला बॉल खेळावा लागला नाही, पण पळावं लागलं, आणि प्रत्येक पावलाला त्याचा चेहरा आम्हाला एवढ्या लांबून दिसत होता. ॲटकिन्सनने सिक्स मारली, आकाश दीपच्या हाताला लागून गेली. मग सात हवे, सिराज धावत आला, परत यॉर्कर, ऑफ स्टंप उडाला. ३६७. सहा रननी जिंकलो. सिरीज २-२.

मी कोणाच्या तरी गळ्यात पडलो होतो, तो माणूस मला अजून माहीत नाही. मामा बसूनच होते, हातात शंकरपाळा, खाल्ला नव्हता.

सामान घ्यायला गेलो तर दुकान बंद, काचेवर ‘थोड्या वेळात येतो’ अशी चिठ्ठी. हरकत नाही, दुपारचा एक पण वाजला नव्हता. (टूटिंगहून हीथ्रो: स्टॉकवेलला व्हिक्टोरिया लाइन पकडा, ग्रीन पार्कला पिकॅडिली, दीड तास धरा.) फुटपाथवर बसून मामांनी मामींना व्हिडिओ कॉल लावला.

‘जिंकलो ना? बघितलं मी. किती वेळ चालला हो आजचा खेळ?’

‘तासभर पण नाही.’

‘आणि त्याचं वेगळं तिकीट काढलं होतं तुम्ही?’

मामांनी फोन माझ्या हातात दिला.