तुम्ही विचारलंत म्हणून : पोस्टिंग (वॉर्डातली पाळी) चालू असताना अभ्यास कधी केला?

"मॅम, सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, मध्येच इमर्जन्सीची रात्र. मग एमबीबीएस फायनलचा अभ्यास करायचा कधी?" ज्युनिअर्स भेटले की हे हमखास विचारतात. नाशिकच्या म्हसरूळमधल्या आरोग्य विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक लागलं की जास्तच. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स एकदम अंगावर येतात. तुमची धाकधूक मला कळते.

मी एवढंच केलं: दिवसा जो पेशंट पाहिला, रात्री त्याचंच वाचलं. चार पानं झाली तरी चालेल, पण त्याच रात्री.

मेडिसिनच्या पोस्टिंगला निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांना आणलं होतं. फवारणी करताना भोवळ येऊन पडले होते. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना औषधाचा उग्र वास. सिस्टरांनी कपडे काढून साबणाच्या पाण्यानं अंग धुवायला घेतलं, इकडे विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू झालं. रेसिडेंट सरांनी विचारलं, "अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं हे कशावरून ठरवशील?" मी म्हणाले, बाहुल्यांवरून. सरांनी काही न बोलता माझा स्टेथो त्या काकांच्या पाठीवर टेकवला. दोन्ही बाजूंना, अगदी खालपर्यंत, बुडबुडे फुटल्यासारखे आवाज, म्हणजे क्रेप्ट्स. बाहुल्या मागाहून मोठ्या झाल्या तरी चालतं. छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, रक्तदाब टिकतोय का, ते आधी बघायचं. त्या रात्री ऑर्गनोफॉस्फरसचं (अशा फवारणीच्या औषधाच्या विषबाधेचं) प्रकरण उघडलं तर ओळीओळीला ते काका दिसत होते. परीक्षेआधी ते पाठ करावं लागलं नाही.

वॉर्ड बुडवून लायब्ररीत बसणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, नका करू. हिस्टरी, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती काढणं, पुस्तकातून येतच नाही. "श्रम केल्यावर धाप लागते का?" असं विचारलं तर आजी नुसती मान हलवतात. "विहिरीवरून घरी येताना मध्ये बसावं लागतं का?" म्हटलं की बोलायला लागतात, "दिवाळीपर्यंत एका दमात यायचे बाई, आता वाटेत दोनदा टेकते." धाप किती आणि कधीपासून वाढली, दोन्ही त्यात आलं. हेच रात्री होस्टेलवर रूममेटला परीक्षक करून मोठ्यानं सांगायचे. ती एकच विचारायची, "हेच निदान का? दुसरं का नाही?" अडखळले की काय वाचायचं ते आपोआप ठरायचं.

आणि हो, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पोट तपासण्याआधी हात चोळून गरम करा. गार हात लागला की पेशंट पोट ताठ करतो, मग वाढलेली स्प्लीनही (प्लीहा) हाताला लागत नाही. ओटीपोटाच्या उजव्या बाजूनं सुरुवात करा, डाव्या बरगड्यांकडे तिरकं वर सरका, दर वेळी लांब श्वास घ्यायला सांगा. श्वास आत जात असताना बोटं दाबत पुढे नेऊ नका. स्प्लीन खाली येऊन स्वतःच बोटांना टेकते.